हॅलोवीनऐवजी काय? मंडळ्यांचे कार्यक्रम आणि घरी आणलेला एक संच

ऑक्टोबर अर्ध्यावर आला की संडे स्कूलच्या दाराशी पालक मला थांबवून एकच गोष्ट विचारतात. मुलांना हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वेश घालून घरोघरी खाऊ मागायला, पाठवायचं नाही हे ठरलंय, पण मग त्या संध्याकाळी करायचं काय? दिवे मालवून, पडदे ओढून घरात बसणं हा बऱ्याच ख्रिस्ती घरांचा जुना उपाय. मला तो पटत नाही. त्यातून लहान मुलाला एवढंच कळतं की बाहेर सगळे मजा करताहेत आणि आपल्या देवामुळे ती आपल्या वाट्याला येत नाही. देवाची अशी ओळख मुलांना करून देऊ नये.

म्हणून आम्ही, म्हणजे मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई, गेली काही वर्षं वेगवेगळ्या मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, ठेवलेल्या कार्यक्रमांना जातोय. घरी करायचा एक तयार संचही आणून वापरला. कुठे काय मिळालं आणि कुठे काय कमी पडलं ते लिहितेय. नावं कुणाचीच घेणार नाही. असे कार्यक्रम अनेक ठिकाणी जवळपास सारखेच होतात, आणि मला बोलायचंय ते त्यांच्या पद्धतीबद्दल.

माझी कसोटी आधी सांगते, म्हणजे पुढची मतं कुठून येताहेत ते कळेल. हॅलोवीनला मुलांना वेश घालायला मिळतो, गोळ्या-चॉकलेटं मिळतात हे खरं, पण त्या संध्याकाळच्या पोटात मृत्यू आणि भीती आहे. सांगाडे, थडगी, चादरीतली भुतं. माझे सासरे गेले त्या वर्षी धाकट्यानं शेजारच्या फाटकावर टांगलेला प्लॅस्टिकचा सांगाडा पाहिला आणि विचारलं, "आई, आजोबापण आता असे झालेत का?" त्या प्रश्नापासून माझ्यासाठी हा सगळा विषय बदलला. मुलांना वेश आणि खाऊ दुसरीकडे मिळवून देणं सोपं आहे. मरणाबद्दल त्यांच्या मनात जे उठतं त्याला आपला पर्याय काय सांगतो, हे मी बघते. ख्रिस्ती माणसाकडे याचं उत्तर आहे, तेच आपल्या विश्वासाचं मूळ आहे, आणि नेमक्या त्या संध्याकाळी आपण ते लपवून ठेवतो.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे ट्रंक-ऑर-ट्रीट. अमेरिकेतल्या चर्चमधून हा पसरला. चर्चच्या मैदानात गाड्या ओळीनं उभ्या करतात, डिक्या उघडून सजवतात, आणि मुलं घरोघरी फिरण्याऐवजी डिकी ते डिकी फिरतात. आम्ही गेलो तिथे नोहाचं तारू होतं, दानीएलाची सिंहांची गुहा होती, कापडी लाटांमध्ये योनाचा मासा होता. सुरक्षिततेच्या बाबतीत याला तोड नाही. रहदारी नाही, अंधारातले अनोळखी जिने नाहीत, खाऊ देणारा माणूस ओळखीचा. चालायला नुकतं शिकलेलं मूलही मोकळं फिरू शकतं. शेजारपाजारची, चर्चला कधीच न येणारी कुटुंबंही सहज येतात. आमच्या इमारतीतल्या दोन घरांनी पहिल्यांदा चर्चच्या आवारात पाऊल ठेवलं ते याच निमित्तानं.

उणीव अशी की डिक्या इतक्या मेहनतीनं सजवलेल्या असूनही गोष्ट कुणीच सांगत नव्हतं. मुलं पिशवी पुढे करत, खाऊ घेत आणि पुढच्या गाडीकडे पळत. फक्त माशाच्या गाडीत एक वयस्क काका जबड्यात पाय सोडून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला म्हणत होते, "बाळा, योना किती दिवस आत होता ठाऊक आहे? तीन. आणि येशू कबरेत?" मूल तीन म्हणालं की मग खाऊ. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू स्वतः योनाची खूण सांगतो (योना तीन दिवस माशाच्या पोटात, तसा तोही कबरेत), ती या काकांनी एका प्रश्नात मुलांच्या हातात ठेवली. धाकटा घरी जाताना गाडीत हेच बोलत होता. तुमच्या मंडळीत हा कार्यक्रम होत असेल तर आयोजकांना एवढं सुचवा, की प्रत्येक डिकीपाशी एक माणूस आणि एक प्रश्न ठेवा. त्याला खर्च नाही, आणि संध्याकाळ पूर्ण वेगळी होते.

सुगीचा मेळावा, म्हणजे हार्वेस्ट फेस्टिव्हल, याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गवताच्या गंज्या, भोपळे, सफरचंदांचे खेळ, चेहऱ्यावर रंगवलेली फुलपाखरं. अगदी लहान मुलांसाठी छान आहे आणि कुणालाही न दुखावणारा आहे. पिकासाठी देवाचे आभार मानायला निमित्त चांगलं होतं, पण आम्ही गेलो तिथे आभारप्रार्थना उरकून टाकल्यासारखी झाली. ३१ ऑक्टोबरच्या प्रश्नाला तर हा मेळावा हातच लावत नाही. आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं अर्ध्या तासात कंटाळतात.

एका प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट इशारा देते. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून काही मंडळ्या भुताटकीच्या घरासारखे देखावे उभे करतात. एकेका खोलीत पापाचं आणि अपघाती मरणाचं नाट्य, शेवटच्या खोलीत नरक, आणि बाहेर पडताना प्रार्थनेचं आवाहन. त्यांना हेल हाउस म्हणतात. मी मोठ्या मुलांच्या पालकांबरोबर असा एक देखावा आत जाऊन पाहिला. करणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण आमच्या पुढे एक बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, ती तिसऱ्या खोलीतच रडायला लागली आणि तिला मागे फिरायला वाटच ठेवली नव्हती. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते. घाबरवून मुलाला ख्रिस्ताकडे ढकलायचं हे त्या वचनाच्या नेमकं उलटं आहे. मृत्यूबद्दल बोलायलाच हवं असं मी म्हणते, आणि हे लोकही मृत्यूबद्दलच बोलतात, हे मला कळतं. पण ते थांबतात भीतीपाशी. पुनरुत्थान शेवटच्या दाराबाहेर एका पत्रकावर छापलेलं होतं. लहान मुलांना इथे अजिबात नेऊ नका, आणि मोठ्यांना नेण्याआधी स्वतः आत जाऊन या.

प्रकाशाची पार्टी म्हणजे लाइट पार्टी ब्रिटनमधल्या चर्चमध्ये बरीच रुळलेली आहे. पांढरे किंवा भडक कपडे, चमकणाऱ्या कांड्या, भरपूर गाणी, आणि मध्यवर्ती वचन योहान आठ बारा, येशू जगाचा प्रकाश आहे. आमची पार्टी सुरुवातीला फार गोंगाटाची होती. स्पीकर इतका मोठा की सासूबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. पण मध्येच मुलांच्या शिक्षिकेनं सगळं बंद केलं. दिवे, संगीत, कांड्यासुद्धा जॅकेटच्या आत. दोन-तीन मिनिटं खरा काळोख. कुणी विनोद केला नाही, कुणी भुताचा आवाज काढला नाही. मग वेदीजवळ एक मेणबत्ती लावली आणि तिनं शांतपणे सांगितलं की या एवढ्याशा ज्योतीला सगळा काळोख मिळून विझवू शकत नाही. माझा धाकटा अंधाराला घाबरतो. तो माझ्या मांडीवर होता, त्याची मूठ माझ्या बाहीत घट्ट होती, आणि ज्योत लागल्यावर ती सैल झाली. मुलाला भीती वाटते हे मान्य केलं, त्याला काळोखात एकटं सोडलं नाही, आणि मग उत्तर दाखवलं. मला हवं होतं ते हेच, निदान अर्धं तरी. मरणाचा उल्लेख इथेही नव्हता, पण भीतीला थेट हात घातला होता. चार ते आठ वयासाठी मी डोळे मिटून हीच पार्टी सांगेन. एक व्यावहारिक गोष्ट: चमकणाऱ्या कांड्या लहान मुलं चावतात, आणि फुटली की आतलं द्रव तोंडाला, डोळ्यांना झोंबतं. पाच वर्षांखालच्यांना बॅटरीवरचा छोटा दिवा द्या.

प्रोटेस्टंट घरांसाठी आणखी एक निमित्त तयारच आहे. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरनं, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली, पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देण्याविरुद्धची आपली ९५ विधानं माइन्झच्या आर्चबिशपला पत्रासोबत पाठवली. विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर त्यानं ती ठोकली का, यावर इतिहासकारांत वाद आहे, पण पत्रावरची तारीख पक्की आहे. ते चर्चही सर्व संतांच्या नावाचं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच सण होता. आमच्या ओळखीच्या मंडळीनं पुठ्ठ्याचं मोठं दार उभं केलं होतं. मुलांनी आपल्याला देवाबद्दल खात्रीनं वाटणारं एकेक वाक्य कागदावर लिहून त्यावर लाकडी हातोडीनं ठोकायचं. माझ्या मुलीला हे फार आवडलं. ती अकरा वर्षांची आहे, तिला मत मांडायला आवडतं, आणि तिनं लिहिलं, "देवाला विकत घेता येत नाही." ल्यूथरचं अख्खं भांडण एका ओळीत.

पण आमच्या घरात जाऊबाई कॅथलिक आहेत आणि त्यांची मुलंही बरोबर होती. सूत्रसंचालकाच्या बोलण्यात दोनदा असा सूर आला की ती मुलं अवघडून गेली. हे टाळता येण्यासारखं होतं. ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या सिद्धांताबद्दलच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्याही ३१ ऑक्टोबरलाच, १९९९ मध्ये, आउग्सबर्गला. ही दुसरी तारीखही मुलांना सांगितली तर भांडण आणि समेट दोन्ही एकाच दिवसात बसतात. दहाच्या वरच्या मुलांसाठी कार्यक्रम उत्तम आहे. त्याखालच्यांना फक्त हातोडी लक्षात राहते.

आता ज्या कार्यक्रमासाठी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते, सर्व संतांची संध्याकाळ. हॅलोवीन ही मुळात याच सणाची आदली रात्र, हे आपल्यापैकी अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. रक्तसाक्षींची, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांची, आठवण चर्च फार आधीपासून करत आलं आहे. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पोप चौथे बोनिफास यांनी रोममधलं पँथिऑन, जे आधी देवदेवतांचं मंदिर होतं, मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांना अर्पण केलं. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं, आणि ८३५ मध्ये १ नोव्हेंबरचा सण पश्चिम युरोपातल्या फ्रँकांच्या साम्राज्यात सगळीकडे पाळला जाऊ लागला. म्हणजे ती रात्र कुणाकडून हिसकावून घ्यायची गरज नाही. ती आपलीच आहे, फक्त आपण ती वापरत नाही. पॅरिसच्या कॅथलिक धर्मप्रांतानं २००२ मध्ये तरुणांसाठी होलीविन्स नावानं हाच धागा उचलला, आणि मग तो इतर देशांतही गेला.

आम्ही गेलो ती संध्याकाळ दोन मंडळ्यांनी मिळून ठेवली होती, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. मुलांनी बायबलमधल्या किंवा चर्चच्या इतिहासातल्या एखाद्या व्यक्तीचा वेश करून यायचं, तीन वाक्यं बोलायची, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. वेश घरातल्या कपड्यांचाच असावा अशी अट होती. ही अट मला फार आवडली. विकतच्या वेशांमध्ये कुणाचा भारी, कुणाचा साधा अशी जी तुलना होते ती इथे उरलीच नाही. एक मुलगा अर्धी शाल पांघरून आला, तो फ्रान्समधल्या तूर शहराचा मार्टिन, ज्यानं थंडीत भिकाऱ्याला आपला झगा कापून दिला. एक चिमुरडी हातात चिंध्यांची बाहुली आणि ताटली घेऊन आली आणि म्हणाली, "मला चर्चचा खजिना आणायला सांगितलं, मी गरिबांना घेऊन आले." तो लॉरेन्स, २५८ मध्ये रोममध्ये मारला गेला. माझी मुलगी पांढरी साडी नेसून, समोर तीन जाड पुस्तकं ठेवून बसली: हिब्रू, ग्रीक, मराठी. पंडिता रमाबाई. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये मरणापूर्वी ते काम पुरं केलं, आणि हे तीन वाक्यांत कसं मावायचं म्हणून पोरगी आठवडाभर डोकं चालवत होती. धाकटा स्तेफन झाला, पहिला ख्रिस्ती रक्तसाक्षी. त्याचं शेवटचं वाक्य होतं, "मला दगड मारत होते तेव्हा मी वर बघितलं आणि मला येशू दिसला."

हे वाक्य तो बोलला तेव्हा मला कळलं की इथे मरण लपवलेलं नाही. या सगळ्या गोष्टी मरणाच्या आहेत, आणि एकाही गोष्टीत मरणाचा शेवटचा शब्द नाही. सहा वर्षांच्या मुलानं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. याला मी पर्याय म्हणते.

मग कंदिलांची मिरवणूक झाली, आणि शेवटी वेदीपुढे नावं वाचली गेली. वर्षभरात ज्यांच्या घरचं कुणी वारलं असेल त्यांनी येऊन नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभू, तुझे आभार." प्रोटेस्टंट पालकांना इथे खटकू शकतं, म्हणून सविस्तर सांगते. मृतांसाठी प्रार्थना करावी का, संतांना विनवावं का, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. आयोजकांनी ते झाकले नाहीत. सगळ्यांनी मिळून म्हणायची होती ती फक्त आभारप्रार्थना. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय आणि बाराव्याची सुरुवात वाचली, जिथे साक्षीदारांच्या मेघानं आपण वेढलेले आहोत असं म्हटलंय. ज्यांना पुढे आपापल्या परंपरेप्रमाणे प्रार्थना करायची होती त्यांच्यासाठी नंतर वेगळी शांत वेळ ठेवली. जाऊबाई तिथे थांबल्या, आम्ही बाहेर कंदील आवरले. कुणालाच काही सोडावं लागलं नाही. सासूबाईंनी सासऱ्यांचं पूर्ण नाव घेतलं, आणि धाकट्यानं मागून मोठ्यानं जोडलं, "माझे आजोबा." त्या रात्री झोपताना त्यानं सांगाड्याचा प्रश्न पुन्हा काढला, आणि या वेळी माझ्याकडे सांगायला होतं. शरीर मातीत आहे हे मी त्याला खरं खरं सांगितलं, आणि येशू ते उठवणार आहे हेही सांगितलं. त्यानं दोन्ही ऐकून घेतलं.

दोष आहेत. काही पालकांनी रक्तसाक्षींच्या नावाखाली लाल रंग, खोटे बाण, छातीत घुसलेला पुठ्ठ्याचा भाला असं सगळं आणलं होतं. हे थांबवायला हवं. रक्त दाखवायचं असेल तर मग हॅलोवीन सोडण्यात अर्थच काय उरला? आयोजकांनी आमंत्रणातच लिहावं, "ती व्यक्ती कशी जगली ते दाखवा." दुसरं, वेळापत्रक. नावं वाचणं हा सगळ्यात मोलाचा भाग शेवटी ठेवला होता आणि तोवर निम्मी लहान मुलं पेंगत होती. तो मिरवणुकीच्या आधी घ्यावा. आणि खऱ्या मेणबत्त्यांचे कागदी कंदील मुलांच्या हातात देऊ नयेत. एका मुलाच्या कंदिलानं पेट घेतला, शेजारच्या माणसानं पायानं विझवला म्हणून निभावलं.

आता संचाबद्दल. ज्यांच्या जवळपास अशी संध्याकाळ होत नाही त्यांच्यासाठी घरीच करायचा एक तयार संच मी पुस्तकांच्या टेबलावरून आणला होता. आत संतांची कार्डं, कागदी कंदिलांचे साचे, तासाभराच्या कौटुंबिक उपासनेचं पत्रक, आणि भोपळा कोरताना वाचायची एक छोटी पुस्तिका होती.

भोपळ्याची पुस्तिका अनेक ख्रिस्ती घरांत वापरतात. भोपळ्यातला गर आणि बिया काढणं म्हणजे देवानं आतली घाण काढणं, हसरा चेहरा कोरणं म्हणजे नवा स्वभाव, आत दिवा म्हणजे ख्रिस्ताचा प्रकाश. मुलांचे हात कामात असतात, त्यामुळे ती ऐकतातही. आमच्या मुलांनी बिया काढताना स्वतःहून आपापली गाऱ्हाणी आणि चुका सांगितल्या, ते मला अपेक्षित नव्हतं आणि फार मोलाचं वाटलं. कापण्याचं काम मात्र मोठ्यांनीच करा. लहानांसाठी चेहरा रंगवून घेतला तरी चालतो, फक्त मग दिवा बाहेर ठेवावा लागतो.

कार्डं निराशाजनक निघाली. चित्रं सुंदर, कागद जाड, पण बहुतेक सगळे युरोपातले पुरुष. कार्थेजची पर्पेतुआ नाही, जी २०३ मध्ये तान्हं बाळ असताना तुरुंगात गेली आणि जिनं आपले अनुभव स्वतः लिहून ठेवले. आशियातलं, आफ्रिकेतलं जवळजवळ कुणी नाही. मजकूर इतका दाट की मुलीलाही शेवटपर्यंत वाचवेना. आम्ही कोऱ्या कार्डांवर आम्ही निवडलेल्या व्यक्तींची नावं लिहिली. पुढे चित्र, मागे तीन वाक्यं: कुठे राहिली, काय केलं, कशावर विश्वास ठेवला. ते छापील कार्डांपेक्षा जास्त वापरात आलं. कंदिलाचे साचे चांगले आहेत, पण कागद पातळ, बॅटरीच्या दिव्यालाही जेमतेम टिकतो. जाड कागदावर साचा ठेवून कापून घ्या.

उपासनेचं पत्रक हा संचाचा सगळ्यात चांगला भाग, आणि त्यासाठी मी तो पुन्हा घेईन. एक स्तोत्र, योहानाच्या अकराव्या अध्यायातली लाजराची गोष्ट (येशू या मेलेल्या मित्राला कबरेतून उठवतो), कुटुंबातल्या मृतांची नावं लिहायची मोकळी जागा, आणि शेवटी प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं की त्या माणसाकडून मी काय शिकलो. लाजराची गोष्ट निवडली हे विशेष. त्यात येशू रडतो. मुलांना रडायची परवानगी मिळते आणि मग कबरेचा दगड सरकतो. सासूबाईंनी त्या जागेत आपल्या आईवडिलांपासून सुरुवात केली आणि मुलांनी कधीच न ऐकलेल्या दोन आत्यांच्या गोष्टी निघाल्या. पत्रकात वेळ एक तास म्हटलाय. लहान मुलं असतील तर त्याचे दोन भाग करा, एक ३१ ला, दुसरा १ नोव्हेंबरला.

दार वाजवणाऱ्या मुलांचं काय, असं पालक विचारतात. आम्ही दिवा लावून ठेवतो आणि दार उघडतो. चांगला खाऊ देतो. खाऊच्या जागी नुसतं सुवार्तेचं पत्रक देऊ नका. मुलाचा हिरमोड होतो आणि पत्रक रस्त्यावर पडतं. खाऊसोबत द्यायचं असेल तर द्या. शेंगदाणे न चालणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी पेन्सिली किंवा छोटी खेळणी वेगळी ठेवा. मुलांना घरोघरी जाण्याचीच फार ओढ असेल तर एक जुना, चांगला मार्ग आहे. १९५० मध्ये फिलाडेल्फियात क्लाइड अॅलिसन नावाचे प्रेस्बिटेरियन पाळक आणि त्यांची पत्नी मेरी एमा यांनी मुलांना गोळ्यांऐवजी गरजू मुलांसाठी नाणी गोळा करायला सुचवलं, आणि त्यातून युनिसेफची मोठी मोहीम उभी राहिली. आमची मुलगी या वर्षी मैत्रिणींबरोबर असाच डबा घेऊन जाणार आहे. कुणासाठी गोळा करायचं ते त्या मुलींनीच ठरवावं असं आम्ही पालकांनी ठरवलंय.

काही ख्रिस्ती कुटुंबं मुलांना साधा वेश घालून हॅलोवीनला पाठवतात. त्यांच्याबद्दल आमच्या मंडळीत जे बोललं जातं ते मला आवडत नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच गोष्टींसाठी आहे: मतभेद असले तरी एकमेकांना दोष देऊ नका. त्यांच्या मुलांना १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आपल्याकडे बोलवा, त्यांच्या घरचंही कुणीतरी वारलेलं असतंच.

संच घ्यायचा असेल तर महिनाभर आधी घ्या, कार्डं स्वतः बनवायची तयारी ठेवा, आणि नावांच्या पानाच्या दोन-तीन जादा प्रती काढून ठेवा. छापील पानावर जागा अगदीच थोडी आहे.